‘बँक’ हा शब्द कसा सोडवायचा: काठ, पेढी आणि रांग

वर्गातला शेवटचा बाक आणि म्हातारपणी कमरेला येणारा बाक हे एकच शब्द नव्हेत. पहिला पोर्तुगीज ‘बांको’वरून आला, दुसरा संस्कृत ‘वक्र’च्या कुळातला. मराठी वाचकाचा इथे गोंधळ होत नाही, कारण आजूबाजूचे शब्द अर्थ आपोआप निवडून देतात. इंग्रजी शब्दाच्या बाबतीत मात्र आधी भेटलेला अर्थच डोक्यात ठाण मांडून बसतो. ‘बँक’ म्हटलं की पासबुक डोळ्यांसमोर येतं आणि घाटातल्या रेल्वेचा ‘बँकर’ वाचताना घोटाळा होतो. असा शब्द सोडवायची एक रीत आहे. अनुवादक, शिक्षक किंवा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे, कुणालाही ती एका संध्याकाळी जमेल.

लागणारं साहित्य थोडंच: तीन रकाने आखलेला कागद, व्युत्पत्ती देणारा एक मोठा इंग्रजी कोश, विद्यार्थ्यांसाठीचा एक छोटा कोश आणि तो शब्द असलेली तीसेक वाक्यं. वाक्यं एकाच ठिकाणाहून उचलू नका. आर्थिक बातम्यांच्या पानांवरून दहापेक्षा जास्त नकोत, नाहीतर सगळी पैशाचीच निघतील. उरलेली पाटबंधारे, रेल्वे, विमान, हवामान, रुग्णालय आणि निवडणूक या विषयांवरच्या मजकुरातून घ्या. कोश अजून उघडायचा नाही. आधी कोश पाहिला की त्यातला क्रम आपल्या वाक्यांवर लादला जातो.

आता प्रत्येक वाक्यात ‘बँक’च्या जागी आलटून पालटून तीन मराठी शब्द घालून पाहा: ‘काठ किंवा चढ’, ‘पेढी’ आणि ‘रांग’. जो बसेल त्या रकान्यात वाक्य टाका. चार-पाच वाक्यं कुठेच बसणार नाहीत. ती कागदाच्या तळाशी ठेवा, ओढूनताणून कोंबू नका. बहुतेक ती क्रियापदंच निघतात.

यानंतर मोठा कोश. नोंदीच्या सुरुवातीला किंवा शेवटी, बहुधा चौकोनी कंसात, शब्दाचं मूळ दिलेलं असतं. तिथे ‘एम ई’ म्हणजे मध्य इंग्रजी, साधारण ११५० ते १५०० चा काळ. ‘ओ एन’ म्हणजे जुनी नॉर्स, स्कँडिनेव्हियातली जुनी भाषा; ‘ओ एफ’ म्हणजे जुनी फ्रेंच. शब्दाआधी तारा असेल तर ते रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही. भाषाशास्त्रज्ञांनी तुलनेवरून मांडलेलं आहे. इसवी सनाचा आकडा हा शब्दाचा जन्म नव्हे, तो लिखाणात सापडल्याचा सर्वांत जुना पुरावा. हे विसरलं की ‘अमुक साली हा शब्द तयार झाला’ असं धाडसी विधान हातून होतं.

‘बँक’चं मूळ पाहिलं की तीन वाटा दिसतात.

पहिली वाट उत्तरेकडची. जुन्या नॉर्समधला ‘बाक्की’ म्हणजे उंचवटा, कडा, नदीचा काठ. त्याच्याच नात्यातला शब्द तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत रुजला. या घराण्याचा गाभा ‘पाणी’ नाही, ‘उंचवटा आणि त्याचा उतार’ आहे. एवढं पक्कं केलं की निम्मी कोडी सुटतात. विमान ‘बँक’ होतं म्हणजे एका अंगाला कलतं. बारावीच्या भौतिकशास्त्रातलं रस्त्याचं ‘बँकिंग’ म्हणजे वळणावर बाहेरची कड उंच ठेवणं. निखारे राखेखाली दाबून विस्तव धुमसत ठेवणं हेही ‘बँक’ करणंच, कारण वर राखेचा ढीग लावतात. ब्रिटिश रेल्वेच्या बोलीत ‘बँक’ म्हणजे चढ. म्हणून कर्जत ते लोणावळा आणि कसारा ते इगतपुरी या घाटांत गाडीला मागून रेटणारी जादा इंजिनं ‘बँकर’ म्हणवतात. तिथला चढ ३७ ला १ इतका तीव्र आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. त्या ‘बँकर’चा सावकारीशी काडीचा संबंध नाही.

समुद्रातली ‘बँक’ही याच घराण्यातली: पाण्याखाली दडलेला उथळ उंचवटा. आपल्याकडचं उदाहरण अंग्रिया बँक. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर प्रवाळांचं हे बुडालेलं पठार आहे, माथ्यावर पाणी साधारण वीस मीटर. नाव आंग्रे घराण्यावरून पडलं. त्याला ‘अंग्रिया किनारा’ म्हणणं चूक, कारण तिथे किनारा नाहीच.

काठाच्या अर्थी डावं-उजवं ठरवताना एक नियम पाळा: तोंड प्रवाह जातो त्या दिशेला. उगमाकडे तोंड करून उभं राहिलात तर सगळे कालवे उलटे लागतील. खडकवासल्याहून निघणारा ‘राइट बँक कॅनॉल’ मराठीत नुसता ‘मुठा उजवा कालवा’ होतो. ‘बँक’साठी शब्दच लागत नाही आणि काही अडतही नाही. अनुवादात हा पर्यायही हाताशी असू द्या. याउलट ‘वेस्ट बँक’ म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा प्रदेश. त्याला ‘पश्चिम किनारा’ म्हटलं की मराठी वाचकाला कोकण आठवतं. तिथे ‘वेस्ट बँक’ हेच नाव ठेवणं शहाणपणाचं.

दुसरी वाट इटलीची. तिथले पैसे बदलून देणारे ज्या बाकावर किंवा मेजावर व्यवहार करत ते ‘बांका’. पंधराव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द, काहीसा फ्रेंचमार्गे, इंग्रजीत पोचला. इटालियनमध्ये तो मुळात जर्मनिक घराण्यातून (जर्मन, इंग्रजी, नॉर्स या भाषांचं कूळ) गेलेला, म्हणून इंग्रजी ‘बेंच’ त्याचा भाऊ लागतो. पोर्तुगीजमध्ये ‘बांको’ म्हणजे बाकही आणि बँकही. थोडक्यात, शाळेतला बाक आणि नाक्यावरची बँक हे दूरचे नातेवाईक. ‘बँक्वेट’मध्येही छोटं बाकच दडलेलं आहे. ‘बँकरप्ट’ इटालियन ‘बांका रोत्ता’वरून आला, शब्दशः मोडकं बाक. दिवाळखोराचं बाक भर बाजारात फोडत असत ही गोष्ट मात्र पुराव्याने पक्की झालेली नाही. अशी चटकदार गोष्ट दिसली की पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढा.

पैशावरून हा अर्थ ‘आधी भरून ठेवा, लागेल तेव्हा काढा’ अशा कुठल्याही साठ्यापर्यंत ताणला गेला. १९३७ साली शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात बर्नार्ड फँटस यांनी रक्तसाठ्याला ‘ब्लड बँक’ म्हटलं. मराठीने त्याची सुरेख ‘रक्तपेढी’ केली. ‘व्होट बँक’ आपल्याच देशातला: समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९५५ साली म्हैसूरकडच्या एका गावावर लिहिताना तो वापरला. ‘मतपेढी’ त्यावरून आलेली. पण ‘पॉवर बँक’ची ‘वीजपेढी’ करायला जाऊ नका. दुकानात कुणी ओळखणार नाही.

तिसरी वाट अरुंद. जुन्या फ्रेंचमधलं ‘बांक’ म्हणजे जहाजात वल्हेकऱ्यांनी बसायचं बाक. त्यावरून वल्ह्यांची ओळ, आणि आज लिफ्टची किंवा स्विचांची रांग.

चुका कुठे होतात? पहिली, कोशातल्या क्रमांकांवर विसंबण्याची. एक कोश रांगेच्या अर्थाला वेगळी नोंद देतो, दुसरा त्याला काठाच्या नोंदीतच सामावतो. त्यामुळे ‘बँक एक’, ‘बँक दोन’ असे आकडे दोन कोशांत जुळवू नका, मूळ जुळवा. दुसरी, तिन्ही वाटा मागे नेल्यावर एकाच जर्मनिक घराण्याशी पोचतात म्हणून आजचे अर्थ एकच समजण्याची. तिसरी, रूपकांची. ‘क्लाउड बँक’ म्हणजे ढगांचा साठा नव्हे, क्षितिजावर बांधासारखा पसरलेला ढगांचा थर. तो पहिल्या रकान्यात जातो.

शेवटी तळाशी ठेवलेली वाक्यं घ्या आणि क्रियापदानंतर काय येतं ते पाहा. लगेच रक्कम किंवा चेक आला तर जमा करणं. ‘ऑन’ आला तर भिस्त ठेवणं. हा अर्थ पेढीकडचा. ‘लेफ्ट’ किंवा ‘राइट’ आला तर कलणं, म्हणजे उताराकडचा. ‘अप’ आला तर ढीग लावणं किंवा बांध घालणं. तरीही एखादं वाक्य उरलंच तर त्याच्या आधीचं आणि नंतरचं वाक्य मिळवून पुन्हा तपासा. बऱ्याचदा कागदावर उतरवताना संदर्भच तुटलेला असतो.

हात बसला की ‘बार्क’ घ्या. कुत्र्याचं भुंकणं जुन्या इंग्रजीतलं, झाडाची साल नॉर्समधली आणि शिडाचं जहाज फ्रेंचमार्गे आलेलं. तिथे रकाने ‘बँक’पेक्षा लवकर भरतात.