एम.ए.च्या प्रबंधासाठी मुलाखती घेताय? या चुका टाळा

शेवटच्या सत्रात समाजशास्त्राचे, समाजकार्याचे विद्यार्थी धडाधड मुलाखती उरकतात, रेकॉर्डिंग फोनमध्ये साठवतात आणि प्रबंध जमा करायला महिना उरला की ती ऐकायला बसतात. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. पहिली मुलाखत झाली त्याच रात्री ती लिहून काढायला आणि वाचायला घ्या. ग्लेझर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये ग्राउंडेड थिअरी (गोळा केलेल्या माहितीतूनच सिद्धांत उभा करण्याची पद्धत) मांडली, तिचा गाभाच हा आहे की माहिती गोळा करणं आणि तिचा अर्थ लावणं बरोबरीने चालावं. तुमची पद्धत ग्राउंडेड थिअरीची नसली तरी हे पाळा. शेवटच्या मुलाखतीत तुम्ही पहिल्या मुलाखतीचेच प्रश्न विचारत असाल, तर मधल्या माणसांनी सांगितलेलं तुमच्यापर्यंत पोचलेलंच नाही.

बीडच्या ऊसतोड कामगारांवरचा प्रबंध घेऊ. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. विद्यार्थी फिल्डवर्कला जातो जानेवारीत. गावात तेव्हा बहुतेक म्हातारी माणसं आणि मागे ठेवलेली मुलं. तो त्यांच्याशी बोलतो, पण शीर्षकात 'ऊसतोड कामगार' तसंच ठेवतो. अशा वेळी साखर कारखान्याजवळच्या कोप्यांवर (कामगारांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर) जा, नाहीतर प्रश्नच बदला. नातवंडं सांभाळत मागे राहिलेल्या आजीचा हंगाम हा स्वतंत्र आणि भक्कम विषय आहे.

मग प्रश्नांची भाषा. 'तुमचं शोषण होतं का?' असं विचारलं, तर 'नाही, मुकादम चांगला आहे' हेच उत्तर येणार, त्यातून मुकादम (टोळी जमवून कामावर नेणारा ठेकेदार) दहा पावलांवर उभा असेल तर नक्कीच. शोषण, सक्षमीकरण, स्थलांतर हे तुमच्या प्रबंधाचे शब्द आहेत. ते समोरच्याकडून वदवून घ्यायचे नसतात. घडलेलं विचारा. या वर्षी उचल (हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम) कुणी घेतली, पैसे कुणाच्या हातात पडले, मागच्या हंगामाची फिटली का? काल पहाटे उठल्यापासून काय काय केलंत? अशा प्रश्नातून एखादी बाई सहज सांगून जाते की कंबर दुखत असूनही ती उसाच्या फडात गेली, कारण खाडा (गैरहजेरी) पडला की पैसे कापले जातात. इथे घाईने पुढच्या प्रश्नावर उडी मारू नका. 'खाडा कोण लावतं? नवऱ्याचा आणि तुमचा एकत्र धरतात का? पाळीच्या दिवसांत काय करता?' असं विचारत तिथेच थांबा. प्रश्नावलीतले सगळे प्रश्न संपले नाहीत तरी चालेल.

'किती मुलाखती घेऊ?' हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो आणि उत्तर म्हणून १२ हा आकडा फिरतो. तो आला गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांच्या २००६ च्या लेखातून. त्यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या दोन देशांमधल्या स्त्रियांच्या ६० मुलाखती तपासल्या आणि पहिल्या बारांतच बहुतेक मुद्दे येऊन गेल्याचं त्यांना दिसलं. पण त्या स्त्रिया बऱ्याच सारख्या गटातल्या होत्या आणि विषयही नेमका होता. मुकादम, ऊस वाहणारे टायरगाडीवाले, कोयत्यावरच्या (ऊस तोडणाऱ्या) बायका आणि कारखान्याचे शेती अधिकारी असे चार गट घेऊन बारा मुलाखती पुरत नाहीत. गट कमी करा. आणि कृपा करून '७० टक्के सहभागींच्या मते' असं लिहू नका. पंधरा निवडक माणसांच्या टक्केवारीवरून जिल्ह्याबद्दल काहीच कळत नाही.

कोडिंगमध्ये, म्हणजे मुलाखतीच्या मजकुराच्या तुकड्यांना अर्थाची छोटी नावं देताना, 'गरिबी', 'आरोग्य', 'शिक्षण' असे कोड दिसले की काम अडलंय असं समजा. ही विषयांची नावं झाली. 'खाडा पडू नये म्हणून दुखणं लपवणं' हा कोड, कारण त्यात कोण काय करतं आणि का करतं ते दिसतं. ब्राऊन आणि क्लार्क यांनी २००६ मध्येच बजावलं होतं की मुलाखतीतले प्रश्न थीम (मजकुरातून निघालेलं सूत्र) म्हणून पुढे करू नका. तरी प्रश्नावलीचं एकेक कलम एकेक प्रकरण झालेले प्रबंध अजून येतात.

नाव बदललं म्हणजे ओळख लपली, हाही गैरसमज. वीस कोयत्यांच्या (एक कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी) टोळीत 'मुकादमाची विधवा बहीण' एकच असते. नातं, वय, गाव यातलं काहीतरी गाळा. आणि उचलीच्या कागदावर अंगठा दिलेल्या माणसापुढे लगेच संमतीपत्र सरकवू नका. आधी समजावून सांगा, गाईडची आणि विभागाची परवानगी असेल तर तोंडी संमती रेकॉर्ड करा.

मुलाखती झाल्यात आणि मजकूर पातळ निघालाय? नव्या दहा माणसांमागे धावू नका. आहेत त्यातल्या ज्यांनी एखादी गोष्ट अर्धवट सांगून सोडली, अशा तिघा-चौघांकडे परत जा. तेवढी एकच गोष्ट विचारा. दुसऱ्या भेटीत माणूस बहुधा जास्त मोकळा बोलतो. वेळ नसेल तर प्रबंधाचा आवाका कमी करा, शीर्षक बदला आणि पद्धतीच्या प्रकरणात ते का बदललं हे स्पष्ट लिहा.