ढाबळीतला कँकर असा आटोक्यात आणला

ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात सगळी ढाबळ एकाच भांड्यातलं पाणी पिते आणि कँकर, म्हणजे कबुतरांच्या घशाचा रोग, पसरतो. पिल्लाची चोच उघडली की घशात पनीरच्या चुऱ्यासारखा पिवळा थर दिसतो. तो खरवडू नका, रक्त येतं. कबुतरांच्या देवी रोगातही असाच थर येतो, म्हणून घशातला ताजा नमुना गार होण्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतला. ट्रायकोमोनास, म्हणजे कँकरचे जंतू, वळवळत होते.

डॉक्टरांच्या सल्ल्याने कार्निडाझोल एकदाच: मोठ्याला 10 मिलिग्रॅम, पिल्लाला 5. गोळी थेट घशात. आजारी पक्षी पाणी कमी पितो, पाण्यातलं औषध पुरेसं जात नाही. धडधाकट दिसणाऱ्या जोड्यांनाही दिली, कारण भरवताना रोग त्याच देतात. भांडी रोज घासून उन्हात खडखडीत वाळवली. कोरड्यात हा जंतू टिकत नाही.