मोह ओळखताना होणाऱ्या चुका: डोमकळी आधी वेचा

कपाशीवरची गुलाबी बोंडअळी लहान असतानाच बोंडात शिरते, तिने पाडलेले छिद्र बुजून जाते आणि बोंड वरून हिरवेगार दिसत राहते. म्हणून जाणता शेतकरी बोंड फुटण्याची वाट न पाहता फुलोऱ्यातच डोमकळ्या, म्हणजे अळी लागल्याने न उमललेली फुले, वेचून नष्ट करतो. ख्रिस्ती मंडळीचा (चर्चचा) वडील म्हणून मी इतकी वर्षे पाहतो आहे, की शेतात एवढी सावध असणारी माणसे मोहाच्या बाबतीत मात्र बोंड सडेपर्यंत थांबतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मोह पापाच्याच रूपात येईल, असे समजणे. तो बहुधा सोय म्हणून येतो. मी मंडळीचा खजिनदार होतो आणि रविवारचे अर्पण माझ्या घरी पेटीत असे. एका वर्षी फवारणीचे औषध आणायचे होते, तुरीचा चुकारा अडलेला होता, म्हणून मी पेटीतून ८०० रुपये घेतले, तशी चिठ्ठी आत ठेवली आणि आठ दिवसांत पैसे परत केले. दुसऱ्यांदाही चिठ्ठी लिहिली. तिसऱ्यांदा लिहिली नाही, कारण घेणारा मीच आणि ठेवणाराही मीच होतो. डिसेंबरात हिशेब मांडला तेव्हा ४,३०० रुपये कमी भरले, आणि मंडपाचा खर्च नोंदवायचा राहिला असे मी पंचांसमोर सहज बोलून गेलो. बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायात, जमीन विकून आलेल्या पैशातला काही भाग लपवणाऱ्या हनन्याला पेत्र सांगतो, की जमीन तुझीच होती आणि विकल्यावर पैसाही तुझ्याच हाती होता. त्याला बुडवले ते खोटे बोलण्याने. माझ्या बाबतीत तर पैसाही माझा नव्हता. घरी सगळे सांगितल्यावर बायको एवढेच म्हणाली, "चिठ्ठी लिहिणं बंद केलं तेव्हाच तुम्हाला समजलं होतं." दोन बकऱ्या विकून मी रक्कम भरली आणि पाळकांपुढे कबुली दिली. आता अर्पण उपासनेनंतर तिथेच दोघे मोजतात, दोघे सही करतात आणि पेटी माझ्या घरी येत नाही. यात अविश्वास दिसतो असे काहींना वाटते. तो आहेच, आणि तो माझा माझ्यावरचा आहे.

दुसरी चूक गोड आवाजात होते. "अमक्यांच्या सुनेला प्रार्थनेत ठेवा" असे म्हणून सुरुवात होते आणि आमेन होण्याआधी त्या घरातले भांडण अर्ध्या गावाला कळलेले असते. कोणी असे नाव घेतले, की मी विचारतो, "तिला विचारून सांगता आहात का?" या प्रश्नानंतर बहुतेक विनंत्या आपोआप मागे घेतल्या जातात.

नव्या विश्वासणाऱ्यांची घाई मला सोसत नाही. तीन दिवस उपास करून चौथ्या दिवशी मोह संपल्याची साक्ष देणाऱ्यांनी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय सावकाश वाचावा, कारण परीक्षक म्हणजे सैतान आला तो चाळीस दिवसांच्या उपासानंतर, प्रभूला भूक लागल्यावर, आणि तोंडी ९१व्या स्तोत्रातले वचन घेऊन. तेव्हा सकाळी मोबाइलवर आलेले सोयीचे वचन म्हणजे देवाचा होकार नव्हे. लूक तर सांगतो, की सैतान संधी मिळेपर्यंतच त्याला सोडून गेला.

गच्चीवरून दिसलेल्या दुसऱ्याच्या बायकोच्या मोहात पडलेल्या दावीद राजाची गोष्ट सांगताना सगळे त्या गच्चीपासून सुरुवात करतात. सैन्य लढाईवर गेले असताना राजा यरुशलेमेतच राहिला होता, हे त्याआधीचे वाक्य कोणी वाचत नाही.

मनात विचार आला म्हणजे पाप झालेच, असे मानणारे "आता झालेच आहे तर" म्हणत पुढची पायरी उतरतात. प्रभूचीही परीक्षा झाली आणि तो निष्पाप राहिला, हे इब्री लोकांस पत्रात स्पष्ट लिहिले आहे.

योसेफ त्याला मोहात पाडू पाहणाऱ्या, मालक पोटीफराच्या बायकोला रोज नाही म्हणत राहिला आणि शेवटी वस्त्र तिच्या हातात सोडून पळाला. आमच्याकडे मात्र लग्नाच्या रात्री दारूच्या बैठकीत "मी नुसता बसतो" म्हणणारे तरुण आहेत, आणि त्यांना तिथून उठवायला मलाच दोनदा जावे लागले आहे.