नोट्स अंध मुलांना ऐकता येतात का, एका मिनिटात बघा

आपण ग्रुपवर मराठी नोट्सची पीडीएफ टाकतो आणि वर्गातल्या अंध मुलाला टॉकबॅक (फोनवर) किंवा एनव्हीडीए (कॉम्प्युटरवर) हे स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यातून काहीतरी भलतंच वाचून दाखवतो, नाहीतर काहीच वाचत नाही. कारण पानं स्कॅन केलेली असतात किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली असतात.

आधी चेक करा. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. नीट मराठी आली तर युनिकोड (कुठल्याही फोन-कॉम्प्युटरला कळणारी अक्षरं) आहे, बहुतेक वेळा काम होतं. इंग्रजी अक्षरांचा गोंधळ आला किंवा ओळ सिलेक्टच होत नाही, तर हे करा:

१. त्या पानांचे जेपीजी फोटो करा, सरळ आणि भरपूर उजेडात, फाईल २ एमबीच्या आत ठेवा.
२. कॉम्प्युटरवरून गूगल ड्राइव्हला टाका, राईट क्लिक, ओपन विथ, गूगल डॉक्स. फोटोखाली टाईप केलेला मजकूर येतो.
३. धड्याची नावं नुसती बोल्ड करू नका, हेडिंग १, हेडिंग २ लावा. एनव्हीडीएमध्ये एच दाबत मूल थेट हव्या त्या मुद्द्यावर जातं, हे फार लोक करत नाहीत आणि त्या मुलांचा खरा वेळ इथेच जातो.
४. आकृती असेल तर खाली दोन ओळीत काय दाखवलंय ते लिहा.

फक्त पाठवण्याआधी एकदा वाचा, जोडाक्षरं, आकडे आणि तक्ते हमखास चुकतात, गणिताची सूत्रं तर हातानेच टाईप करा.