भूकंपाचा आलेख कसा वाचावा

भूकंपमापकात एक वजन स्प्रिंगला टांगलेलं असतं. जमीन हलली की चौकट हलते, वजन मात्र जडत्वामुळे क्षणभर जागच्या जागी राहतं. या दोघांमधला फरक म्हणजे आलेख. एका ठिकाणच्या नोंदीत सहसा तीन रेघा असतात: खाली-वर, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम.

आधी वेळ तपासा. आलेखावर बहुधा जागतिक प्रमाणवेळ असते. तिच्यात साडेपाच तास मिळवा. किल्लारीचा भूकंप आपल्या आठवणीत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३:५६ च्या सुमाराचा आहे. जागतिक वेळेनुसार तो २९ तारखेला, रात्री २२:२५ ला झाला. जुन्या नोंदी शोधताना तारीख इथेच चुकते.

मग खरा धक्का शोधा. जवळून ट्रक गेला तरी रेघ थरथरते, पण ती थरथर हळूहळू वाढते आणि तशीच ओसरते. जवळच्या भूकंपाची सुरुवात बहुतेक वेळा एकदम होते, शेपूट मात्र लांब असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिला झटका पी लहरीचा. ती पृथ्वीच्या कवचातून सेकंदाला साधारण ६ किलोमीटर धावते आणि खाली-वर रेघेत स्पष्ट दिसते. तिच्यामागून एस लहर येते, सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटर वेगाने. ती आडव्या दोन रेघांत शोधा. तिथे रेघ अचानक रुंदावते. दोन्हींच्या आगमनातले सेकंद मोजा आणि त्यांना ८ ने गुणा, की भूकंप किती किलोमीटरवर झाला ते कळतं. कोयनेत धक्का बसला तर पुण्यातल्या यंत्रावर हा फरक साधारण १५ सेकंदांचा येतो, म्हणजे अंतर सुमारे १२० किलोमीटर. मला या साध्या गुणाकाराचं आजही अप्रूप वाटतं. हा हिशेब काही शे किलोमीटरपर्यंतच धरा.

एका यंत्रावरून एवढं अंतर कळतं. जागा ठरवायला निदान तीन ठिकाणची यंत्रं हवीत. प्रत्येकाभोवती त्या-त्या अंतराचं वर्तुळ काढा. ती जिथे जवळजवळ एकत्र येतात, तिथे अपिकेंद्र, म्हणजे भूकंपाच्या उगमाच्या थेट वरची जमिनीवरची जागा.

सर्वांत उंच टोक बघून लगेच 'किती रिश्टर' ते सांगू नका. जवळचा छोटा धक्का दूरच्या मोठ्या धक्क्याइतकी रेघ उठवू शकतो, म्हणून उंची अंतराशी ताडून घ्यावी लागते. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये मांडलेल्या मापनात, तेवढ्याच अंतरावर टोक दहापट उंच झालं की आकडा एकाने वाढतो. ऊर्जा मात्र सुमारे ३२ पट वाढते. त्यामुळे ४ आणि ६ या आकड्यांत ऊर्जेचा फरक जवळपास हजारपट असतो.