‘गळा’चा ‘गया’ झाला तर: रेकॉर्ड केलेलं पुस्तक तपासून कसं ऐकावं

अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या गावात पाच-सहा जण दृष्टिहीन मुलांसाठी मोबाइलवर पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. तपासून ऐकायचं काम माझ्याकडे. त्याला कान आणि चिकाटी पुरते, मराठीची पदवी लागत नाही.

पंखा बंद करा, हेडफोन लावा. मोबाइलच्या स्पीकरवर मागची पिठाची गिरणी ऐकूच येत नाही, हेडफोनवर मात्र ती थेट कानात चालते. पुस्तक समोर ठेवा आणि ओळीखालून बोट फिरवा. बोट हवंच. डोळा शब्द आधी वाचून मोकळा होतो, मग वाचणाऱ्यानं तो गाळला असला तरी कानाला ऐकू आल्यासारखा वाटतो. वेग वाढवू नका. अर्ध्या तासाच्या प्रकरणाला तासभर धरा.

चूक सापडली की थांबवा आणि वहीत लिहा: ‘४:१७, पान २३, गया – गळा’. एवढं पुरे.

गाळलेली ओळ, दोनदा आलेलं वाक्य, लांबलेली शांतता यांत वाद नाही. खरी गोम उच्चारात आहे. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो: डोया, केयी, काया. पात्र तसं बोलतं आणि छापलंही तसंच आहे, तर हात लावायचा नाही. उलट तिथं कुणी ‘डोळा’ वाचलं तर ती चूक. पण एकदा निवेदनात ‘तिचा गळा भरून आला’ होतं आणि आमच्या बाईंनी वाचलं ‘गया’. ऐकणाऱ्या पोरानं विचारलं, “गया म्हणजे ते बिहारातलं काय?” अर्थ अडला की वाक्य पुन्हा घ्यायचं. नुसता हेल गावचा असेल तर सोडून द्यायचा. २००५ साली सुरू झालेल्या, स्वयंसेवकांनी वाचलेली पुस्तकं फुकट ऐकवणाऱ्या लिब्रिव्हॉक्स या संकेतस्थळावरही तपासणारे वाचकाच्या लकबीत दुरुस्ती सुचवत नाहीत.

‘च’ आणि ‘ज’ लबाड आहेत. ‘चार’मधला च वेगळा, ‘चारा’मधला वेगळा, ‘चंद्र’ आणि ‘चांदणं’ यांचंही तसंच. ‘जरा थांब’मधला ज ‘जराजर्जर’ला लावला की म्हातारपणाचं हसू होतं. लिहिताना फरक दिसत नाही, म्हणून वाचणारा फसतो. गावाच्या नावाबद्दल शंका आली तर त्या गावच्या माणसाला फोन करा.

दुरुस्ती सगळ्यांच्या ग्रुपवर टाकू नका, ज्याची त्याला कळवा. मी लिहितो: “बाई, ४:१७ ले ‘गळा’ नीट आला नाही, तेवढं वाक्य पुन्हा घ्या न.” शब्द एकटा घेऊन चिकटवला तर ठिगळ दिसतं, आधीच्या पूर्णविरामापासून अख्खं वाक्य घ्यायला सांगा. तीच खोली, तोच मोबाइल, तोंडापासून तेवढंच अंतर. फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा, व्हॉइस नोटमध्ये आवाज दबतो. ऑडॅसिटी या आवाज कापायच्या-जोडायच्या प्रोग्रॅममध्ये जोडून झालं की दहा सेकंद आधीपासून दहा सेकंद पुढपर्यंत ऐका. सांधा कळला तर पुन्हा.

कापूस वेचणीच्या दिवसांत मात्र दुरुस्त्या मागू नका. दिवसभर शेतात राबलेल्या माणसाचा घसा संध्याकाळी बसलेला असतो. तो आवाज जुन्या वाक्यांशेजारी बसत नाही.