सेवा क्लबची सभा आणि उपक्रम: नव्या सचिवासाठी तयारीची यादी

रोटरी, लायन्स यांसारख्या सेवा क्लबची साप्ताहिक सभा तासाभराची असली तरी तिची तयारी आठवडाभर चालते, आणि ती बहुतेक सचिवाच्याच गळ्यात पडते. म्हणून पदभार घेतल्याबरोबर आधी वक्त्यांकडे पाहा. निदान महिनाभराचे वक्ते ठरलेले असावेत आणि ऐनवेळी कोणी गळाले तर बोलू शकेल असा एक सभासद मनात धरून ठेवलेला असावा. वक्त्याकडून दोन-चार ओळींचा परिचय लेखी घ्या, नावाचा उच्चार विचारून घ्या आणि बोलायला नेमकी किती मिनिटे मिळतील ते आधीच सांगा. ती मिनिटे त्याला खरोखर मिळतील हे पाहणे मात्र आपले काम. बहुतेक सभांत वक्त्याचा वेळ खातात त्या सूचना. वाढदिवस, अभिनंदन, क्लबच्या ‘डिस्ट्रिक्ट’च्या अधिवेशनाची आमंत्रणे, मग ‘फक्त एक मिनिट’ म्हणून उठलेले माजी अध्यक्ष. सूचना आदल्या दिवसापर्यंत लेखी मागवा, एकानेच वाचाव्यात असे ठरवा आणि उरलेल्या सूचना संदेशाने पाठवून द्या.

सभेच्या दिवशी हजेरीपट, बॅज, घंटा, ध्वज, माइक आणि पाहुण्यांची नोंदवही एवढे अर्धा तास आधी जागेवर हवे. खानपानाची संख्या आदल्या दिवशी कळवा. नवा माणूस पहिल्यांदा आला असेल तर त्याच्या शेजारी कोण बसणार हे ठरवून ठेवा. तो पुन्हा येईल की नाही, हे बऱ्याचदा तिथेच ठरते.

दर आठवड्याला भेटायलाच हवे का, हा प्रश्न कोणीतरी काढणारच. 23 फेब्रुवारी 1905 रोजी शिकागोत पॉल हॅरिस आणि त्यांचे तीन सहकारी एका कार्यालयात जमले आणि रोटरीची सुरुवात झाली. पुढे त्या सभा आळीपाळीने सभासदांच्या कामाच्या ठिकाणी भरू लागल्या. 2016 पासून रोटरीने नियम सैल केले, महिन्यातून किमान दोन सभाही चालतात. माझे मत विचाराल तर सभा कमी कराव्यात, पण हाती उपक्रम नसेल तेव्हा. उपक्रम चालू असताना दर आठवड्याचा तास लागतोच, कारण कामे वाटली जातात आणि राहिलेली उघडी पडतात ती तिथेच. म्हणून इतिवृत्तात चर्चेपेक्षा तीन गोष्टी ठळक लिहा: काम कोणते, कोणाकडे, कोणत्या तारखेपर्यंत. पुढच्या सभेची सुरुवात त्याच नोंदीपासून करा.

आता उपक्रम. आधी गरज विचारा, मग तारीख ठरवा. आपल्याकडे नेमके उलटे होते. स्थापनादिनाला रक्तदान शिबिर घ्यायचे मनात असेल, तर त्या दिवशी रक्तपेढीला रक्त हवे आहे का हे पहिल्यांदा विचारा. साठवलेल्या लाल पेशी पाच-सहा आठवडे टिकतात, प्लेटलेट मात्र जेमतेम पाच-सात दिवस. एकाच आठवड्यात चार संस्थांची शिबिरे झाली की फोटो भरपूर निघतात आणि महिनाभराने पुन्हा टंचाई येते.

नेत्रतपासणी शिबिराची तयारी याहून मोठी. 1925 मध्ये दृष्टिहीन आणि कर्णबधिर लेखिका हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात दृष्टिहीनांसाठी काम करण्याचे आवाहन केले, तेव्हापासून हे काम सेवा क्लबांच्या ओळखीचे झाले आहे. पण तपासणी हा त्यातला सोपा भाग. मोतीबिंदू निघाला तर शस्त्रक्रिया कुठे होणार, नेण्या-आणण्याची सोय कोणाची, नंतरच्या तपासणीला कोण घेऊन जाणार, चष्मे कधी आणि कोणाच्या हातून पोहोचणार, याची उत्तरे कागदावर येईपर्यंत फलक छापायला टाकू नका. जुने चष्मे गोळा करणार असाल तर ते तपासून, क्रमांक लावून वापरात कोण आणणार हेही आधी ठरवा, नाहीतर खोकी सचिवाच्याच घरी पडून राहतात.

पैशांच्या बाबतीत खजिनदाराबरोबर वर्षाच्या सुरुवातीलाच बसा. क्लब चालवण्याचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून, आणि लोकांकडून सेवेसाठी गोळा झालेला पैसा सेवेसाठीच. दोन्हींची खाती वेगळी ठेवा. हॉलचे भाडे तात्पुरते देणगीच्या खात्यातून भागवू, असे कोणी सुचवले तर तिथेच नाही म्हणा. पावतीपुस्तकांचे क्रमांक नोंदवून द्या आणि कोरी पावतीही परत घ्या.

स्वयंसेवकांची यादी करताना ‘सगळे येतील’ असे धरू नका. नोंदणी, रांग, वाहने, प्रथमोपचार, आवराआवर, प्रत्येकाला एक नाव आणि एक राखीव नाव. आवराआवरीला नावे सगळ्यात उशिरा मिळतात, तेव्हा ती सगळ्यात आधी मागा. उपक्रमानंतरच्या पहिल्याच सभेत खर्चाचा हिशेब आणि पुढच्या तपासण्यांच्या तारखा वाचून दाखवा. फोटो वापरायचे असतील तर लाभार्थ्यांची संमती घ्या, लहान मुलांच्या बाबतीत पालकांची लेखी. ते अर्ज नोंदणीच्या टेबलावरच ठेवा, गर्दी पांगल्यावर सही मिळत नाही.